नकाशाला प्रश्न विचारताना : बारामती-इंदापूरच्या शिवारातून

महाराष्ट्रातल्या शेताला नंबर देऊन त्याची हद्द कागदावर आणण्याची जी पद्धत आज सातबारा, आकारबंद आणि गावनकाशा यांच्या रूपाने सर्वांच्या अंगवळणी पडली आहे, तिची पहिली पक्की घडण इंदापूर तालुक्यात झाली. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रॉबर्ट कीथ प्रिंगल याने केलेली आकारणी फसल्यानंतर, १८३५च्या सुमारास एच. ई. गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापुरात नव्याने मोजणी हाती घेतली, प्रत्येक शेताला स्वतंत्र नंबर दिला, हद्दीच्या खुणा रोवल्या, मातीचा पोत पाहून जमिनीची प्रत लावली आणि तीस वर्षे न बदलणारा सारा ठरवून दिला. ही पद्धत १८४७च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झाली आणि मुंबई इलाखाभर पसरली. तीस वर्षांनी, १८६७ मध्ये, इंदापूरचा सारा फेरआकारणीत वाढला. त्यानंतर काही वर्षांतच, १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावच्या बाजारात सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे जाळली गेली आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. त्या उद्रेकाची कारणे अनेक होती. तरीही जमिनीविषयी कागदावर काय लिहिले जाते आणि ते कोणाला वाचता येते, हा प्रश्न या दोन तालुक्यांत फार जुना आहे, एवढे त्यावरून दिसते.

आज तोच नकाशा मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. बोटाने सरकवावा, दोन बोटांनी मोठा करावा, हव्या त्या गटावर टेकवले की माहिती पुढ्यात यावी, इतके ते सोपे झाले आहे. मात्र नकाशा हाताळणे आणि नकाशाला प्रश्न विचारणे या दोन वेगळ्या कला आहेत, आणि दुसरी कला अजून थोड्यांनाच साधली आहे. पडद्यावरचा नकाशा उत्तर देतो ते त्याच्यात भरलेल्या माहितीच्या थराचे असते, जमिनीचे नसते. हा फरक जिथे विसरला जातो तिथे बांधावरची भांडणे पडद्यावर नव्याने सुरू होतात.

साखळी आणि आकारबंद

विंगेटच्या काळापासून मोजणीदाराच्या हाती जी साखळी होती ती ३३ फुटांची, आणि तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. गुंठ्याचा हिशेब आजही शेतकऱ्याच्या जिभेवर आहे, सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आर यांत येते. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की व्यवहारात कोणी फरक धरत नाही.

संगणकावरील नकाशाशास्त्राचा, म्हणजे ज्याला भौगोलिक माहिती प्रणाली किंवा नुसते जीआयएस म्हटले जाते त्याचा, गाभा समजून घ्यायला याच जुन्या दप्तराची मदत होते. अशा प्रणालीत प्रत्येक वस्तू दोन ठिकाणी नोंदलेली असते. एका बाजूला तिचा आकार असतो, म्हणजे बिंदू, रेषा किंवा बंदिस्त क्षेत्र. दुसऱ्या बाजूला तिच्याविषयीच्या नोंदींचा तक्ता असतो, आणि दोघांना जोडणारा एक क्रमांक असतो. गावनकाशावरचे शेत आणि आकारबंदातली ओळ यांचे नाते नेमके असेच होते. नकाशावर नुसती रेघांची चौकट आणि तिच्या पोटात नंबर; क्षेत्र, आकार आणि धारणाप्रकार पाहायचा तर तोच नंबर घेऊन आकारबंद उघडायचा. क्यूजीआयएससारख्या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत नकाशावरच्या शेतावर क्लिक केले असता बाजूला जो तक्ता उघडतो, तो तलाठ्याच्या कपाटातून काढलेल्या त्या वहीचाच वारसदार आहे. फरक इतकाच की वही आता दोन्ही दिशांनी उघडते : शेतावरून नोंदीकडे जाता येते, तसेच नोंदीवरून शेताकडेही.

जवळ जाणे म्हणजे अचूक होणे नव्हे

नकाशात फिरण्याची साधने मोजकी आहेत. मुठीच्या चिन्हाने नकाशा धरून सरकवायचा, अधिक-उणे चिन्हांनी लहानमोठा करायचा, चौकट ओढून हवा तेवढाच भाग पडदाभर आणायचा, आणि वाट चुकली तर संपूर्ण विस्तार दाखवणारे चिन्ह दाबून मूळ ठिकाणी परतायचे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कागदी पत्रांच्या काळात यातले सरकवणे हेच सर्वांत अवघड होते. ७५ अंश पूर्व रेखावृत्त इंदापूर शहराच्या अगदी जवळून जाते आणि तिथेच पत्रांची एक मालिका संपून दुसरी सुरू होते, त्यामुळे बारामती ‘४७ जे’ या पत्रसमूहात पडे, तर इंदापूर ‘४७ एन’ मध्ये. नीरेच्या काठाने बारामतीकडून इंदापूरकडे नकाशावर जायचे तर एक पत्र गुंडाळून दुसरे काढावे लागे. पडद्यावर हा सांधा उरलेलाच नाही. कऱ्हेचा प्रवाह मोरगावकडून बारामती शहरातून खाली सोनगावजवळ नीरेला मिळतो, तीच नीरा पुढे पाचरीसारख्या निमुळत्या होत गेलेल्या इंदापूर तालुक्याची दक्षिण हद्द धरून जाते आणि पाचरीच्या टोकाशी नरसिंहपूरला भीमेत मिसळते, हा सारा प्रवास बोट न उचलता करता येतो.

घोळ होतो तो नकाशा मोठा करण्यात. जालावरचे बहुतेक नकाशे छोट्या चौकोनी तुकड्यांचे बनवलेले असतात. मोठे करण्याची एक पायरी चढली की प्रमाण दुप्पट होते आणि तेवढ्याच भूभागाला चौपट तुकडे लागतात. छायाचित्राच्या बाबतीत प्रत्येक पायरीवर खरोखरच नवा तपशील येतो, निदान काही पायऱ्यांपर्यंत. रेघांच्या नकाशाचे तसे नसते. आठ इंचाला एक मैल, म्हणजे १ : ७,९२०, या प्रमाणात कधीकाळी शाईने काढलेला गावनकाशा यंत्रावर उतरवून घेतला असेल, तर त्यातली अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळजवळ चार मीटर रुंद असते. पडद्यावर ती रेघ कितीही मोठी केली तरी केसासारखी बारीकच राहते, आणि तिच्या बारीकपणावरून ती अचूक आहे असा समज होतो. उपग्रहाच्या चित्रावर गटाची रेघ शेजाऱ्याच्या उसात दीड सरी आत गेलेली दिसली की अतिक्रमण झाले असे मानणारे अनेक जण आहेत. वास्तविक त्या दीड सरीहून शाईच्या रेघेची जाडीच जास्त असते.

याच्या उलटा एक घोटाळा आहे, तो म्हणजे ‘माहितीच नाही’ असे वाटण्याचा. पडदा भरून जाऊ नये म्हणून काही थर ठरावीक प्रमाणानंतरच दिसतील अशी सोय नकाशा तयार करणाऱ्याने केलेली असते. संपूर्ण तालुका पडद्यावर असताना गटांच्या हद्दी दिसत नाहीत म्हणून नकाशा अपुरा आहे असा शेरा मारून खिडकी बंद करणाऱ्याने आणखी चार पायऱ्या आत जाण्याचा धीर धरलेला नसतो.

एका क्लिकची अनेक उत्तरे

शासनाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर वाट ठरलेली आहे : ग्रामीण की शहरी, मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी गट नंबर. नंबर निवडला की तो गट ठळक होतो आणि बाजूच्या चौकटीत खातेदारांची नावे व क्षेत्र उमटते. तालुक्याच्या गावच्या कोणत्याही महा ई-सेवा केंद्रात ही वाट दिवसातून कितीतरी वेळा चालली जाते. जुने खरेदीखत घेऊन आलेल्या वयस्कर खातेदाराला तिथला तरुण सांगतो, “काका, हा सर्व्हे नंबर झाला, मला गट नंबर पाहिजे.” १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण योजना लागू झाली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि जुन्याचा नवा कोणता हे एकत्रीकरणाचा उतारा पाहिल्याशिवाय कळत नाही. यंत्राला दोन्ही फक्त आकडे आहेत. जुना नंबर टाकला तर ते हरकत घेत नाही. त्या नंबरचा नवा गट, बहुधा दुसऱ्याच कोणाचा, निमूटपणे दाखवते.

अधिक क्षमतेच्या प्रणालीत ओळख विचारण्याचे साधन इंग्रजी ‘आय’ या अक्षराच्या चिन्हाने दाखवलेले असते. ते हाती घेऊन नकाशावर टेकवले की त्या जागी काय आहे हे कळते, असे थोडक्यात सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. काटेवाडीच्या शिवारातला एकच बिंदू घेतला आणि गटांचा थर निवडलेला असेल तर उत्तर येते गट नंबर. गावांचा थर निवडलेला असेल तर गावाचे नाव. जमीनवापराचा थर असेल तर ‘बागायत’. आणि उपग्रहचित्राचा थर असेल तर नुसता एक दशांश अपूर्णांक. चारही उत्तरे बरोबर आहेत आणि विचारणाऱ्याला त्यांतले एकच हवे असते. कोणता थर निवडलेला आहे हे न पाहता विचारलेल्या प्रश्नाला ‘काहीच सापडले नाही’ असे उत्तर आले, तर चूक बहुतेक वेळा तिथेच असते.

नंबर सापडत का नाही

बोट टेकवून विचारणे एका शेतापुरते ठीक असते. तालुक्यातले दोन हेक्टरांहून मोठे, जिरायत आणि सामाईक नावावर असलेले गट कोणते, असा प्रश्न पडला तर तक्त्याला अटी घालाव्या लागतात. यालाच नोंदींवरून केलेली विचारणा म्हणतात. अटी ‘आणि’ने जोडल्या तर सर्व पुऱ्या व्हाव्या लागतात, ‘किंवा’ने जोडल्या तर एक पुरी झाली तरी चालते, आणि दोन्ही मिसळल्या तर कंस न घातल्यास यंत्र आपल्या नियमाने अर्थ लावून मोकळे होते. एवढे तर्कशास्त्र शाळेत शिकलेल्या कोणालाही येते. खरी अडचण मराठी गावांच्या नावांत आणि मराठी अंकांत आहे, आणि तिच्याकडे परदेशी पाठ्यपुस्तके पाहतही नाहीत.

बारामती तालुक्यात माळेगाव दोन आहेत, बुद्रुक आणि खुर्द. एका तक्त्यात ते ‘माळेगाव बु.’, दुसऱ्यात ‘माळेगाव (बु)’, तिसऱ्यात ‘माळेगाव बुद्रुक’ असे पडले, तर तंतोतंत जुळणी मागणारी विचारणा तिघांपैकी एकालाच ओळखते. निमगाव केतकीच्या मधे आडवी रेघ आली की ते वेगळे गाव झाले. गट नंबरातल्या ‘१२३’ आणि इंग्रजी अंकांतल्या त्याच संख्येत माणसाला फरक दिसत नाही. यंत्राच्या दृष्टीने ती दोन भिन्न अक्षरमाला आहेत. पोटहिस्सा पडून ‘१२३/१/अ’ झाले की ती संख्या उरतच नाही, तिला मजकूर म्हणूनच साठवावे लागते, आणि मजकूर म्हणून क्रम लावला की एकनंतर दोन न येता दहा आणि शंभर येतात. गट नंबर फक्त गावापुरता एकमेव असतो, हे विसरून नुसते ‘गट १००’ विचारले तर तालुक्यातल्या गावोगावचे शंभर नंबर एकदम ठळक होतात. सातबाऱ्यावर अलीकडे यूएलपिन हा भूखंडाचा स्वतंत्र ओळखक्रमांक छापला जातो तो हाच गोंधळ टाळण्यासाठी. परंतु घरातल्या जुन्या कागदांवर तो नसल्याने गाव आणि गट या जोडीची गरज संपलेली नाही. तंतोतंत जुळणीऐवजी ‘यासारखे’ शोधण्याची अट वापरणे आणि गावाच्या नावाचा फक्त निःसंदिग्ध भाग देणे, हा यावरचा साधा इलाज आहे.

लागून, छेदून आणि आत

तिसरी विचारणा जागेवरून होते, आणि कागदी दप्तराला ती जवळजवळ अशक्य होती. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा पाटस, बारामती, इंदापूर असा महामार्ग रुंद झाला तेव्हा ‘रस्त्यात किती गट जातात’ हा प्रश्न गावोगाव विचारला गेला. नकाशाच्या भाषेत तो रस्त्याच्या पट्ट्याचा थर आणि गटांचा थर एकमेकांवर ठेवून विचारायचा असतो, आणि विचारताना संबंध सांगावा लागतो. पट्ट्याच्या ‘पूर्ण आत’ असलेले गट मागितले तर बहुधा थोडेच मिळतात, कारण रस्ता शेतांचे कोपरे कापत जातो. पट्ट्याला ‘छेदणारे’ गट मागितले तर खरे बाधित येतात, आणि त्यांच्याबरोबर ज्यांची रेघ नकाशा जुळवतानाच्या चुकीने हातभर आत सरकली आहे असेही येतात. ‘स्पर्श करणारे’ म्हटले तर निव्वळ शेजारी येतात. मराठीत ‘रस्त्याला लागून’ या दोन शब्दांत हे तिन्ही अर्थ सामावतात. यंत्रापुढे त्यांतला एक निवडल्याशिवाय गत्यंतर नाही.

रेषेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा आखून विचारणे हा याचाच दुसरा प्रकार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाहू लागलेला नीरा डावा कालवा पुरंदरमधून बारामती आणि इंदापूर तालुक्यांत जातो. त्याच्याभोवती पाचशे मीटरचा पट्टा आखून त्यातले ऊसगट मागवले तर बागायतीचे चित्र मिळेल, असे कोणालाही वाटेल. जमिनीवर पाणी अंतर पाहून चालत नाही, उतार पाहून चालते. कालव्याच्या वरच्या अंगाचे शेत शंभर मीटरवर असूनही त्याला पाट लागत नाही आणि खालच्या अंगाला दोन किलोमीटरवरच्या चारीवर ऊस डोलत असतो. पट्टा दोन्ही अंगांना सारखाच पडतो. म्हणून अंतराच्या अटीला उंचीच्या थराची जोड दिल्याशिवाय कालव्याविषयीचे कोणतेही उत्तर ग्राह्य धरू नये.

उजनीचे पाणी कोणत्या दिवसाचे

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्याची उत्तर कड बदलून गेली. जुने पळसदेव पाण्याखाली गेले; उन्हाळ्यात पाणी खूप उतरले की पळसनाथाचे मंदिर उघडे पडते आणि पाहायला झुंबड उडते. धरणापूर्वीच्या सर्वेक्षण पत्रावर तिथे गाव आहे, आजच्या पायाभूत नकाशावर निळा रंग आहे, आणि उपग्रहचित्रात मे महिन्यात गाळपेराची शेते तर ऑक्टोबरात पाणी आहे. तिन्ही थर एकावर एक ठेवून वरचा हळूहळू पारदर्शक करत नेला की बुडालेल्या गावठाणाची जागा दाखवता येते. थराची तारीख विचारणे ही या भागात शिष्टाचाराची नव्हे, निकडीची गोष्ट आहे. भिगवण-कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी ज्या उथळ काठाला उतरतात, तो काठ दर महिन्याला दुसरीकडे असतो.

अंतर मोजण्याच्या साधनाची कसोटीही इथेच लागते. कळाशी (तालुका इंदापूर) आणि कुगाव (तालुका करमाळा) ही गावे पाण्याच्या दोन अंगांना आहेत. पट्टी टेकवून मोजले तर ती शेजारी दिसतात. रस्त्यांच्या जाळ्यावरून वाट विचारली तर जलाशयाला मोठा वळसा घालावा लागतो. या वळशामुळेच लोक बोटीने ये-जा करत, आणि मे २०२४ मध्ये वादळी वाऱ्यात याच मार्गावर बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. सरळ रेषेचे अंतर आणि जाण्याचे अंतर यांत प्रणाली फरक करते, पण आपण होऊन तो सांगत नाही.

चाळीसचे चव्वेचाळीस

क्षेत्र मोजतानाचा एक दोष तर सहसा लक्षातच येत नाही. जालावरचे नकाशे ज्या सपाट रचनेवर मांडलेले असतात तिच्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसे सारे फुगत जाते. सुमारे १८ अंश अक्षांशावरच्या बारामती-इंदापुरात लांबी पाच टक्क्यांनी आणि क्षेत्र साधारण अकरा टक्क्यांनी जास्त भरते; म्हणजे पृथ्वीचा गोलावा जमेस धरण्याचा पर्याय बंद ठेवून एक एकर मोजला तर चाळीस गुंठ्यांचे चव्वेचाळीस होतात. हाच नकाशा यूटीएम या मांडणीच्या ४३व्या पट्ट्यात घेतला तर दोष नगण्य राहतो, कारण त्या पट्ट्याचा मध्य म्हणजे तेच ७५ अंशांचे रेखावृत्त. इंदापुरात उभ्या असलेल्या माणसाला या मांडणीत आपले पूर्वेकडचे अंतर पाच लाख मीटरच्या आसपास दिसते ते त्यामुळेच. चार गुंठे फुकट मिळाल्याचा आनंद मानण्यापूर्वी प्रकल्पाची मांडणी कोणती आहे, हे तळाच्या पट्टीत पाहून घ्यावे.

उसाच्या बाबतीत हे मोजमाप आता आकाशातून होते आहे. साखर कारखान्याच्या शेतकी विभागाचा चिटबॉय पूर्वी शेतावर येऊन लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र विचारून नोंद घेई. आता हातातल्या मोबाइलवर बांधाने फिरून शेताची चौकट आखता येते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग चालवला आहे, त्यात उपग्रहाची चित्रे, हवामान केंद्र आणि जमिनीतले संवेदक यांची माहिती एकत्र आणली जाते. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह कोणालाही फुकट मिळणारी चित्रे पुरवतो. त्याच्या चित्रातली सर्वांत लहान चौकट दहा मीटर बाजूची, म्हणजे बरोबर एक आर. विंगेटची ३३ फुटांची साखळी आणि ही दहा मीटरची बाजू यांत सहा सेंटिमीटरांचेही अंतर नाही.

काटेवाडीच्या बिंदूला मिळालेला तो दशांश अपूर्णांक म्हणजे अशा चौकटीचा हिरवेपणाचा निर्देशांक. पाने लाल प्रकाश शोषतात आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतात, या दोहोंच्या फरकावरून तो निघतो. पाण्यावर तो शून्याखाली जातो आणि भरगच्च पिकावर एककडे झुकतो. ऊस एकदा दाटला की आकडा वर चढायचा थांबतो, त्यामुळे चांगला आणि फार चांगला यांतला भेद त्यातून कळत नाही. पावसाळ्यात ढग आड येतात. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात जेमतेम दहा चौकटी बसतात आणि त्यांतल्या बहुतेकींत बांध, पाट किंवा शेजाऱ्याचे पीक मिसळलेले असते. मोठ्या खातेदाराला हे साधन जितके उपयोगी, तितके ते तुकड्याच्या धन्याला नाही. हे सांगणारे प्रचारपत्रक अजून निघालेले नाही.

हद्दीचा निवाडा मात्र यांपैकी कोणत्याही पडद्यावर होत नाही. महाभूनकाशावरून काढलेला नकाशा, उपग्रहाचे चित्र किंवा मोबाइलने आखलेली चौकट ही माहिती म्हणून हाताशी असावी. बांधाचा वाद उभा राहिला तर बारामती किंवा इंदापूरच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करावा, मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांसह शेतावर हजर राहावे आणि मोजणीची ‘क’ प्रत हाती आल्याशिवाय बांधाच्या दगडाला हात लावू नये.